ससून, औंध, कमला नेहरू : मालक वेगवेगळे का?

आपल्या प्रतिक्रियेत दोन मुद्दे आहेत. देणगीदारांचा आणि जुन्या इमारतींचा इतिहास आजच्या रुग्णाच्या कामाचा नाही, हा पहिला. आणि पुण्यातील सगळी सरकारी रुग्णालये एका अधिकाऱ्याच्या हाताखाली आणली की रुग्णाची फरफट थांबेल, हा दुसरा. पहिला मला मुळीच मान्य नाही, दुसरा अर्धाच मान्य आहे.

आपण सरसकट ‘सरकारी’ म्हणतो त्या रुग्णालयांचे मालक वेगवेगळे आहेत आणि त्याचे कारण इतिहासातच सापडते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. १९४६ मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि ससून त्याचे अध्यापन रुग्णालय ठरले, म्हणून आज त्याचा कारभार अधिष्ठात्यांकडे आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. औंधचे जिल्हा रुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाचे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतले. खेड्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, मंगळवार पेठेतले कमला नेहरू पुणे महापालिकेचे आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय (वायसीएम) पिंपरी-चिंचवड महापालिकेचे.

आता भोर तालुक्यातली एखादी अवघडलेली बाळंतीण प्राथमिक केंद्रातून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून ससूनला पाठवली गेली, तर प्रत्येक टप्प्यावर मालक बदलतो. या तिन्ही ठिकाणी ज्याचा हुकूम चालेल असा एकही वैद्यकीय अधिकारी जिल्ह्यात नाही. तिच्यासोबत चिठ्ठी जाते, पण पुढे खाट आहे की नाही याची खात्री करून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या चिठ्ठीवरून ठरत नाही. आपला संताप इथे रास्त आहे आणि तो माझाही आहे.

तरीही एकच मालक हा उपाय मला पटत नाही. साथरोगांचे काम महापालिकेचे, म्हणून पुण्याचे साथरोगांसाठीचे नायडू रुग्णालय तिच्याकडे आहे. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोनाबाधित रुग्ण तिथेच दाखल झाले, तर नमुने तपासणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था केंद्राच्या अखत्यारीतली होती. मालक दोन असूनही काम झाले, कारण कोणी कोणाला काय कळवायचे हे ठरलेले होते. शिवाय पेठेतल्या प्रसूतिगृहाच्या तक्रारीसाठी नागरिकाला नगरसेवकाला गाठता येते. तेच प्रसूतिगृह मंत्रालयाच्या ताब्यात गेले तर ही सोय संपेल.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे : रुग्ण हलवण्यापूर्वी वरच्या रुग्णालयाने खाट असल्याचे कळवावे, आणि घरी सोडताना काय उपचार झाले याची लेखी नोंद खालच्या केंद्राकडे पाठवावी. ही सक्ती दोन्ही विभाग, जिल्हा परिषद आणि दोन्ही महापालिका यांच्यावर सारखीच असावी.