पहाटे किती वाजता जाग येते?

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे आईच्या रिपोर्टांची एक जाडजूड फाईल तयार झाली होती. थायरॉईड, शुगर, बी-ट्वेल्व्ह, ईसीजी, टूडी एको, पोटाची सोनोग्राफी आणि शेवटी एन्डोस्कोपीपण. बी-ट्वेल्व्ह जरा कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली, बाकी सगळं नॉर्मल. आणि आई मात्र रोज म्हणायची पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटतं, तोंडाला चव नाही. एकेक रिपोर्ट नॉर्मल आला की आम्ही भावंडं हुश्श करायचो आणि तिचा चेहरा अजून उतरायचा. ते दिसायचं पण त्याचा अर्थ लागत नव्हता. तिनेच नंतर सांगितलं, "मला वाटायचं आता सगळे म्हणणार हिला काही झालेलं नाही, उगाच करतेय."

बाबा गेल्यावर वर्षभरात आम्ही कराडचं घर बंद केलं आणि तिला पुण्याला दादाकडे आणलं. दादा-वहिनी जीव लावणारे आहेत, नातवंडं आहेत, तिची स्वतःची खोली आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नशीबवान आहात हो, सगळं आहे तुमच्याकडे, आता मजेत राहायचं. मीपण हेच म्हणायचे. या वाक्याने माणसाचं तोंड बंद होतं हे मला आता पक्कं कळलंय, कारण सगळं असूनही आपल्याला बरं वाटत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे असं तिला वाटत राहिलं, आणि आपली खोट कोण स्वतःहून बोलून दाखवतं?

मी ठाण्याला असते. रोज संध्याकाळी ऑफिसमधून निघाले की फोन. जेवलीस का दुपारी, गोळ्या घेतल्यास का, बरी आहेस ना. तीन प्रश्न आणि तीन वेळा हो. नंतर एकदा कॉल लॉग बघितला तर त्या काळातले बहुतेक फोन दोन-अडीच मिनिटांचे.

मग दादाच्या घराजवळच्या एका फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, मीपण होते त्या दिवशी. त्यांनी फाईल चाळली आणि बाजूला ठेवून दिली. म्हणाले, "आई, पहाटे किती वाजता जाग येते?"

"साडेतीन. कधी पावणेचार."

"परत डोळा लागतो?"

"नाही. पडून राहते. उजाडू नये असं वाटतं."

आणि मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. मला रागच आला, म्हटलं हे काय भलतंच घालताय तिच्या डोक्यात. आई थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली आणि म्हणाली, "करून घ्यावं असं नाही, पण झोपेतच गेले तर बरं असं वाटतं. रोजच वाटतं." मी सहा महिने रोज फोन करत होते. रोज.

डॉक्टर मला नंतर म्हणाले की हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, असला तर तो बाहेर येतो आणि माणूस हलका होतो. हे मी स्वतः बघितलं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "विचारलं बाई कुणीतरी."

तर ते डिप्रेशन होतं. पहाटे लवकर जाग येणं आणि परत झोप न लागणं, सकाळी सगळ्यात वाईट वाटणं, भूक जाणं, कशातच जीव न रमणं, ही त्याची अगदी नेहमीची लक्षणं आहेत. आणि आपल्याकडे, विशेषतः आईच्या पिढीतल्या बायका, "मला उदास वाटतंय" असं म्हणतच नाहीत. त्या म्हणतात पोटात कालवतं, डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही. त्या खोटं बोलत नसतात, त्यांना ते खरोखर शरीरातच होत असतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये जो राष्ट्रीय सर्व्हे केला त्यात मोठ्या माणसांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि डिप्रेशन, अँग्झायटी यासारखे जे नेहमी दिसणारे आजार आहेत त्यातल्या 85 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. मी आधी समजायचे हे 85 टक्के म्हणजे जिथे डॉक्टर पोचत नाही तिथले लोक असणार. आमची आई पुण्यात बसून, चार डॉक्टर करून, एवढी फाईल घेऊन त्या 85 मध्येच होती.

सायकियाट्रिस्टचं नाव काढल्यावर ती एकदम घाबरली. "मला येरवड्याला नेणार का?" तिने खरंच असं विचारलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आपण काय करून ठेवलंय बघा, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, जिथे जिथे सरकारी मनोरुग्णालय आहे त्या गावाच्या नावाची आपण शिवी केलीय. याला ठाण्याला भरती करा हे मी ऑफिसात, ट्रेनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, हजार वेळा ऐकलंय आणि हसलेयसुद्धा. ते बोलणारा विसरून जातो. पण ऐकणाऱ्यांत कुणी ना कुणी असतंच जे ते मनात ठेवतं आणि वेळ आली की तोंड उघडत नाही. खरं तर याच ठाण्यात 1990 पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे साधी आपल्यासारखीच माणसं, कुणी परीक्षेच्या टेन्शनने, कुणी नवरा-बायकोच्या भांडणामुळे, बोलायला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावतात. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती जरा सैल झाली.

मावशी म्हणाली बाहेरचं काही असेल, एकदा बघून घ्या, आणि अंगारा पाठवला. मी काही तिच्यावर चिडले नाही, तिला दुसरं काय करता येणार होतं, तिने तिच्या परीने काळजीच केली. आईने अंगारा लावला आणि गोळीपण घेतली.

गोळ्यांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आम्ही चुकलो. पहिला आठवडा मळमळ आणि जास्तच अस्वस्थ. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, आणि फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहापण लागतात, तोवर सोडायच्या नाहीत. हे सांगितलेलं नसतं तर चौथ्या दिवशीच बंद झाल्या असत्या. दीड महिन्यात ती छान जेवायला लागली, नातवाला ओरडायला लागली, आम्ही खूश. आणि तिने कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. "बरं वाटतंय तर कशाला, आणि शेजारच्या म्हणाल्या सवय लागते." महिन्याच्या आत परत साडेतीन. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी परत सुरू केल्या आणि मला समजावलं की या झोपेच्या गोळ्या नाहीत, दारू-तंबाखूसारखी यांची तलफ येत नाही, पण बरं वाटायला लागल्यानंतरही निदान सहा महिने घ्यायच्या असतात आणि बंद करायच्या तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करत. बीपीची गोळी आपण कधी "आता बीपी नॉर्मल आलं" म्हणून फेकून देतो का?

पण फक्त गोळ्यांनी झालं नाही हेही तितकंच खरं आहे, आणि खरं तर मला ही पोस्ट त्यासाठीच लिहायचीय.

काउन्सेलर ताईंनी मला सांगितलं, फोनवर "बरी आहेस ना" विचारू नका, त्याचं उत्तर हो असंच येतं. मग मी एक दिवस विचारलं, "आई, दिवसातला कुठला वेळ सगळ्यात जड जातो गं?" ती लगेच म्हणाली, "दुपारी तीन ते पाच." जणू कुणी विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं.

कराडला तीन वाजता फाटकाची कडी वाजायची. शेजारच्या काकू यायच्या, चहा व्हायचा, मग गवार नाहीतर मेथी निवडत दोघी बसायच्या, कुणाची सून, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या घरी पाणी आलं नाही. मग केस विंचरून, दिवाबत्ती करून प्रीतिसंगमावर एक चक्कर. महिन्यातून एकदा भिशी. याला कुणी उपचार म्हणत नाही, आम्ही तर त्याला टाइमपास म्हणायचो. पण तीन वाजता कुणीतरी येणार आहे, आपण चहा टाकायचाय, एवढ्यावर ती बाबा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष उभी होती. आम्ही काळजीपोटी तिला तिथून उचललं आणि आठव्या मजल्यावर ठेवलं, जिथे दुपारी सगळे कामावर, पोरं क्लासला, आणि दार बंद. मी असं म्हणत नाही की तिला आणायला नको होतं. पण आणताना आम्ही पलंग, कपाट, देव सगळं आणलं, तीन वाजता काय होणार याचा विचार एकानेही केला नाही.

ताईंनी तिला "मन रमवा" असं एकदाही सांगितलं नाही. एक वही दिली आणि म्हणाल्या, मन होईल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, मन नसलं तरी छोटंसं काहीतरी ठरल्या वेळेला करायचं, मन मागून येतं. याला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन म्हणतात. मी यावर बरंच वाचलं तेव्हा गोव्यातल्या संगाथ या संस्थेचं काम कळलं, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्र न शिकलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग दिलं, आणि त्यांनी डिप्रेशनच्या पेशंटबरोबर सहा ते आठ वेळा बसून हेच काम केलं. लोकांना फरक पडला, 2017 साली लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलंय. म्हणजे आजाराला डॉक्टर लागतोच, पण बरं होण्याचा मोठा भाग असा आहे की जो ट्रेनिंग घेतलेलं, धीराने ऐकणारं साधं माणूस करू शकतं.

वहीत पहिलं काम होतं चार वाजता खाली जाऊन बाकावर दहा मिनिटं बसणं. पहिले तीन दिवस ती लिफ्टपाशी जाऊन परत आली. तेही वहीत लिहायचं होतं, "लिफ्टपर्यंत गेले." मग वहिनीच्या डोक्यात आलं आणि तिने मेथीची जुडी आणि ताट हातात दिलं, खालीच निवडा म्हणाली. बाकावर बसून मेथी निवडायला लागल्यावर एका बाईंनी विचारलं, केवढ्याला दिली हो जुडी? तिथून सुरुवात झाली. आता नऊ जणींची भिशी आहे.

वहिनीचं वेगळं लिहायला हवं. घरातलं माणूस असं आजारी असताना चोवीस तास जो बरोबर असतो त्याला कुणीच विचारत नाही. मी आणि दादा सूचना द्यायचो आणि ती ऑफिस सांभाळून निभवायची, एकदा फोनवर हमसून रडली तेव्हा मला कळलं. तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार-रविवार आई माझ्याकडे ठाण्याला.

ज्यांच्याजवळ डॉक्टर नाहीत किंवा अजून धाडस होत नाही त्यांच्यासाठी 14416 हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. 2022 पासून सुरू आहे. घरातल्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आईच्या, बाबांच्या, कॉलेजला गेलेल्या पोराच्या. फॅमिली डॉक्टरांना पहाटेच्या जागेबद्दल स्वतःहून सांगा, सगळे डॉक्टर विचारतातच असं नाही.

आई अजून पूर्ण बरी नाही. पुढच्या महिन्यात गोळी कमी करायची आहे आणि ती घाबरलीय, मीपण घाबरलेय, काही दिवस अजूनही वाईट येतात आणि त्या दिवशी फोन लांबतो. परवा ती पहिल्यांदा बाबांच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलली, चाळीस मिनिटं, मी फक्त हं हं करत होते.

ही पोस्ट टाकायच्या आधी तिला पूर्ण वाचून दाखवली, म्हटलं तुझं सगळं लिहिलंय, चालेल का. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "टाक. आणि आमच्या भिशीच्या ग्रुपवरपण पाठव. त्यातल्या दोघींना पहाटे जाग येते."