आराखडा असा करावा की शाळेला पत्ता लागू नये

सन्माननीय मुख्याध्यापकहो, शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 22 नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो, हे आपण जाणताच. तो समितीने करावयाचा असतो, एवढा भाग मात्र तूर्त विसरावा. कलम 21 ने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगून आपली पंचाईत केली आहे खरी. परंतु केंद्राच्या नमुना नियमांनी आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेरच्या आत, आराखडा मागितला आहे, आणि ही मुदत ठरवणाऱ्याला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडची कापूसवेचणी चांगली ठाऊक असावी असा मला दाट संशय आहे. त्या दिवसांत निम्म्या महिला सदस्य शेतात असतात. आपण इतिवृत्ताची वही घेऊन बांधावर जावे. कमरेला बांधलेल्या फडक्यात कापूस भरता भरता एखादी माउली विचारील, “कायची सही हाय जी, सर?” त्यावर “शाळेचं काम आहे, ताई,” इतके उत्तर पुरेसे असते. बोंडांनी ओरखडलेल्या बोटांनी सही झाली की ‘सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य आपण सावकाश शाळेत येऊन लिहावे.

आता आराखड्याचा आत्मा, म्हणजे भाषा. आपली शाळा सेमी इंग्रजी असल्याने ती द्विभाषिक आहे, हे पहिल्याच पानावर ठळक लिहावे. बंजारा तांड्यावरची मुले गोरमाटी बोलतात, पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, कोलामी आणि गावातली वऱ्हाडी, ही माहिती कोणी विचारली तरच द्यावी आणि दिलीच तर ‘समस्या’ या शीर्षकाखाली द्यावी. दोन भाषा शिकवणारी शाळा प्रगत ठरते आणि तीन-तीन भाषा घेऊन येणारे पोर मात्र अप्रगत ठरते, हे गणित एकदा मनाशी पक्के झाले की पुढचे रकाने आपोआप भरत जातात. मातृभाषेच्या रकान्यात सरसकट ‘मराठी’ टाकावे. मुलाचे शिक्षण शक्य असेल तेथवर त्याच्या मातृभाषेतून व्हावे, असे कलम 29 म्हणते. एकदा सर्वांची मातृभाषा मराठी झाली की कलमाचे पालन झालेच, आणि एवढ्यानेही कोणाचे समाधान होत नसेल, तर ‘शक्य असेल तेथवर’ हे शब्द आपल्या सोयीसाठीच तेथे ठेवले आहेत असे समजावे.

पहिलीतल्या मुलाने “याडी आली” म्हटले, तर “याडी नव्हे बाळा, यादी” असे प्रेमाने दुरुस्त करावे. गोरमाटीत याडी म्हणजे आई, आणि ती दारात डबा घेऊन उभी असेल. तरी उच्चाराची शुद्धता महत्त्वाची आहे.

गणितात तर सुधारणेला फारच वाव आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना मराठीत सात आधी आणि वीस नंतर येतात, म्हणून लिहायला सांगितले की मूल इमानदारीने 72 लिहिते. सेमीच्या तासाला तीच संख्या ‘ट्वेंटी सेव्हन’ होते आणि वीस आधी येतात. मग ते गोंधळून पुन्हा 72 लिहिते, या खेपेस खात्री नसताना. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असा पर्याय दिला, तेव्हा राज्यभर केवढा गहजब झाला होता, हे आपणास आठवत असेल. तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. फळ्यासमोर पाटी घेऊन उभे असलेले मूल नेमके कोठे अडले, हे पाहण्यात अर्धा तास जातो आणि त्यासाठी आराखड्यात रकाना नाही. ‘संख्याज्ञान : उपचारात्मक अध्यापन सुरू’ असे लिहावे. निपुण भारत या पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाच्या केंद्रीय अभियानाचे उद्दिष्ट 2026-27 पर्यंतचे आहे आणि तोवर आपली बदली होण्याचा संभव आहे.

भौतिक सुविधांवर फार वेळ दवडू नये. रंगकाम, बोलक्या भिंती आणि लोकसहभाग हे तीन शब्द पुरतात. भिंती मात्र मराठी आणि इंग्रजी अशा दोनच भाषांत बोलतील याची काळजी घ्यावी.

तिसऱ्या भाषेसाठी एक पान कोरे सोडावे. 2025 साली पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला, 17 जूनला बदलला आणि 29 जूनला मागे घेतल्याची घोषणाही झाली. ज्यांनी घाईने पान भरले, त्यांना खाडाखोड करावी लागली असणार. या साऱ्या वादात गोरमाटी आणि कोलामी यांचा नंबर कितवा, असा प्रश्न कोणी काढला नाही, तेव्हा आपणही काढू नये.

राहता राहिले मनुष्यबळ. आपण गतवर्षीच्या प्रतीवरून साल बदलत कार्यालयात बसलेले असताना शेजारच्या वर्गात पोडावरून नव्याने आलेली एक चिमुरडी भिंतीला टेकून रडत असेल, आणि तिसरीतली एखादी कोलाम पोर, कोणी न सांगता, तिच्याजवळ उकिडवी बसून बाईंचे म्हणणे तिला तिच्या बोलीत समजावत असेल. त्या आवाजाने कामात व्यत्यय येत असल्यास दार लोटून घ्यावे. ‘भाषा साहाय्यक उपलब्ध आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘निरंक’ लिहावे, खाली शिक्का मारावा आणि केंद्रप्रमुखांना दोन प्रतींत पाठवावे.