जात काढतं कोण?

‘आमच्या घरात कधी कुणी जात विचारली नाही. जात उरलीय ती फक्त दाखल्यावर. बाकी सगळीकडे गुणवत्ताच चालते. जे सारखी जात काढतात, तेच ती जिवंत ठेवतात.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय.

विचारली नसेलही. आडनावातच उत्तर मिळत असेल तर विचारायचं कशाला? भाड्याचं घर शोधताना ‘पूर्ण नाव?’ असं पुन्हा पुन्हा कुणाला ऐकावं लागतं, ते आधी बघा.

दाखल्याचं म्हणाल तर, २०११-१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात अस्पृश्यता पाळली जाते हे स्वतःच कबूल केलं. आणि लग्नाच्या बायोडेटातला ‘पोटजात’ हा रकाना काही सरकारने घातलेला नाही.

राहिली गुणवत्ता. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहं सोडवायला दिली. सुटेल त्या प्रत्येक कोड्याला पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीत होती. मग दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बापाचं-आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच, पैसे तेच. पण दलित मुलं मागे पडली. तेवढ्या वेळात कुणाची अक्कल कमी झाली होती का?

‘बघा, जात उच्चारली म्हणूनच बिघडलं,’ असं आता कुणी म्हणेल. पण उच्चारली कुणी? समोर बसलेल्या, बक्षीस हाती असलेल्या मोठ्या माणसाने. अन्याय झाला म्हणून बोलणाऱ्या मुलाने नव्हे. ‘जात काढणं’ या एकाच नावाखाली हे दोन्ही ढकलायचं, ही त्या मजकुराची खरी चलाखी.

महाडचंच बघा. चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि हजारो माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली, बस्स. नंतर शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करणारे वेगळेच होते. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावही मागे घेतला. तळं दलितांनाही खुलं, हा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.