शत्रूला अक्कल नको, सोनं द्या

‘एज ऑफ एम्पायर्स टू’ या लढाईच्या कॉम्प्युटर गेमचा नकाशे बनवायचा एडिटर उघडून नकाशा रंगवून झालाय आणि आता फक्त कॉम्प्युटरला अवघड करायचं उरलंय? मग डोकं अजिबात चालवू नका. त्याला ९९,९९९ सोनं द्या. अन्न, लाकूड, दगडही तेवढंच. १९९९ साली हा गेम आला तेव्हा सगळ्यात वरच्या पातळीवरचा कॉम्प्युटर गुपचूप फुकटचा माल उचलायचा. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमधल्या एआयने हा कुलाचार मोडला आणि चक्क खेळायला शिकला. तुम्ही तरी घराण्याचं नाव राखा.

मग तटाच्या आत १८० शिपाई मांडून ठेवा. शिपाई धरून लोकसंख्येची मर्यादा २०० असली म्हणून काय झालं? उरलेल्या वीस जागांत बिचारा कॉम्प्युटर व्हिलेजर, म्हणजे कामकरी गावकरी, काढेल आणि मग बराकीपुढे हात जोडून बसेल. जुना शिपाई मेल्याशिवाय नवा जन्माला येणार नाही, आणि जुने तर तटाआड गणपतीच्या देखाव्यासारखे उभे. खेळाडू लांबून चार ट्रेबुशे, म्हणजे दगड फेकणारी यंत्रं, लावून देखावा उतरवतो.

हत्ती हवेतच. इराण्यांचे युद्धहत्ती, चांगले चाळीस. चाल अशी की ते येईपर्यंत खेळाडूचा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो. मग त्याचे पाच-सहा मंक, म्हणजे शत्रूला आपल्या बाजूला वळवणारे साधू, पुढे होतात, काहीतरी पुटपुटतात, आणि तुमचे हत्ती रंग बदलून तुमच्याच दारात झुलू लागतात.

ट्रिगरचं, म्हणजे ‘अमुक झालं की तमुक घडव’ या आज्ञांचं, काम तर सोपंच. दर ३०० सेकंदांनी, त्याच पूर्वेच्या खिंडीतून, तेच दहा घोडेस्वार. तिसऱ्या खेपेपर्यंत खेळाडू तिथे भालेकरी उभे करून निवांत शेती करतो. एखादा शहाणा सांगेल, टायमर सोड, ‘ऑब्जेक्ट्स इन एरिया’ची, म्हणजे ठरावीक जागेत काय आहे ते पाहणारी, अट लाव, खेळाडूने दुसरं टाउन सेंटर, म्हणजे वस्तीची मुख्य इमारत, बांधलं की तिथल्याच व्हिलेजरांवर धाड घाल, त्याच्या घराजवळ सोनं कमी ठेव, म्हणजे त्याला बाहेर पडावंच लागेल. ऐकू नका. अशाने खेळाडू हरेल, आणि का हरला हेही त्याला कळेल. पाहुण्याचा एवढा अपमान बरा नव्हे.

(मी एकदा शत्रूच्या टाउन सेंटरभोवती इतके देखणे डोंगरकडे रंगवले की बाहेर पडायला वाटच उरली नाही. अर्धा तास चिटपाखरू फिरकलं नाही. मित्र म्हणाला, ‘फार संयमी माणूस दिसतोय रे तुझा.’)

राहिली चाचणी. ती स्वतःच घ्या, दुसऱ्याला कशाला त्रास? खिंड कोणती, घोडेस्वार कितव्या सेकंदाला, सगळं तुम्हाला पाठ आहे. तरी हरलात, तर वर ‘अत्यंत अवघड’ लिहा. जिंकलात, तर हत्ती वाढवा.