नालंदा जळलं म्हणून बौद्ध धर्म संपला?

‘बख्तियार खिलजीने नालंदा जाळलं, ग्रंथालय तीन महिने जळत होतं आणि त्याच दिवशी भारतातला बौद्ध धर्म संपला.’ हा मजकूर सतत फिरत असतो. १२००च्या सुमारास हल्ले झाले, भिक्खू मारले गेले, हे खरंच आहे. बाकीचं मात्र टिकत नाही.

आधी ती आग. १३व्या शतकातला इतिहासकार मिन्हाज-इ-सिराजने ‘तबकात-इ-नासिरी’ या आपल्या फारसी ग्रंथात बिहारच्या किल्ल्यावरचा हल्ला सांगितला आहे. मुंडन केलेली माणसं कापली, पुस्तकं सापडली, पण ती समजावून सांगायला कुणी उरलं नव्हतं. अंगावर काटा येतो वाचताना. पण त्यात नालंदाचं नाव नाही आणि तीन महिन्यांची आगही नाही.

‘त्याच दिवशी संपला’ हेही चूक. १२३५च्या सुमारास तिबेटी भिक्खू धर्मस्वामी नालंदाला पोचला, तेव्हा नव्वदीतले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. उलट ७व्या शतकातच चिनी प्रवासी ह्युएन त्संगला वायव्येकडच्या गांधारातले कितीतरी विहार ओस पडलेले दिसले होते.

मग विहार चालायचे कशावर? नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघाकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. वर्षाचे झाले २४०. त्यातून २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो! भिक्खूचं वस्त्र असं विणकराच्या मागाशी बांधलेलं होतं.

हा धागा पुढे तुटत गेला. व्यापार रोडावला, राजांची दानं देवळांकडे आणि अग्रहारांकडे (ब्राह्मणांना दान दिलेल्या गावांकडे) वळली, बुद्ध विष्णूचा अवतार ठरला. १२व्या शतकापर्यंत संघाचा मोठा भार मगध-बंगालातल्या मोजक्या महाविहारांवर येऊन पडला होता, म्हणून तिथला घाव इतका खोल गेला. देरासरं, म्हणजे मंदिरं, जैनांचीही फोडली गेली. पण मुनींना आहार देणारा श्रावक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, घरोघर होता, त्याने ती पुन्हा बांधली. माझ्या मते खरा फरक इथे आहे.

उषवदाताचा तो हिशेब भिंतीवर अजून आहे. त्याच डोंगराच्या पायऱ्या चढताना एक आजोबा नातवाला सांगत होते, ‘ही पांडवांनी एका रात्रीत कोरली.’