चवथीला घरी जाण्यापूर्वी

चवथीला गोव्यातल्या गावच्या घरी जाणार असाल, तर गणपतीच्या आधी स्वतःची प्रतिष्ठापना करायला शिका. वर्षभर पर्वरीत नाहीतर दुबईत तुम्ही काय दिवे लावले, ते गावाला दिसत नाही. दिसते ती गाडी. ती अरुंद वाटेने थेट तुळशीवृंदावनापर्यंत न्या. मागे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल अडकली तर अडकू द्या.

आत शिरताच गावात राहिलेल्या चुलतभावाची कीव करा. हा प्राणी ओळखायला सोपा. अमावास्या-पुनवेच्या भरतीला रात्री टॉर्च घेऊन तो खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधावर जातो. भरतीला बांधातल्या मानशीची लाकडी दारं पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि खारं पाणी शेताबाहेर राहतं, ही शेकडो वर्षांची युक्ती तो डोळे चमकवत सांगेल. सांगू द्या. मग विचारा, "पण महिन्याला सुटतात किती?" खेकड्यांनी बांध पोखरला तर चार घरांतली माणसं रात्रीची माती घालायला धावतात, हेही तो मिळकतीत धरतो. तुम्ही धरू नका. बँक धरत नाही.

खरा शहाणा बांध फुटू देतो. खारं पाणी शिरलं की शेत पडीक, आणि पडीक शेताला दिल्लीहून गिऱ्हाईक येतंच. त्याला भात नको असतो, नुसता व्ह्यू हवा असतो.

आरतीला जपा. चुलतभाऊ घुमट घेऊन बसेल (2019 पासून ते सरकारमान्य वारसा वाद्य आहे, म्हणजे अजून चढेल). तुम्ही मोबाईलवर शूटिंग करत राहा, आरत्या पाठ नाहीत हे झाकून जातं. गणपतीवर टांगतात त्या माटोळीची कांगणां, ही रानफळं, कुठल्या रानात मिळतात ते त्याला ठाऊक, तुम्हाला बाजारातला भाव ठाऊक. भाव महत्त्वाचा.

मुलांना म्हाताऱ्यांजवळ फार बसू देऊ नका. कुणीतरी धर्मानंद कोसंबींचं नाव काढतं. सांकवाळचा माणूस, ऐन तरुणपणी घरदार सोडून बुद्ध शोधत नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालतो, पाली शिकतो, हार्वर्डला पोचतो. इथवर ठीक. पण परत येतो! पोरांसमोर असली उदाहरणं नकोत. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा विषय तर टाळाच. 1977 मध्ये सुटलेल्या व्हॉयजर यानांवरच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, आणि ती यानं आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे ताऱ्यांमधल्या पोकळीत आहेत. असेनात. तिथे प्लॉटचा दर काय?

जेवणं झाली की कागद काढा. वडिलोपार्जित जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या, शिवाय त्यांच्या नवरा-बायकांच्याही सह्या लागतात. पोर्तुगिजांनी जाताना ठेवलेला हा कायदा प्रगतीच्या आड येतो तो असा. चुलतभाऊ "बघूया" म्हणेल. त्याची बायको तेवढंही म्हणणार नाही.

चिडू नका. निघताना डिकी मात्र उघडी ठेवा. खाजनातल्या कोरगुट भाताचे तांदूळ, नारळ, कोकमं तो न मागता भरतो. पैसे विचारू नका, त्याला वाईट वाटेल. एवढंच म्हणा, "असा तांदूळ आमच्याकडे कितीही मोजले तरी मिळत नाही रे. आणि ते सहीचं मी फोन करतो."