कलचाचणी, ओळखीपाळखी आणि सोळा वर्षांचा मुलगा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुलांनी व्यवसाय कसा निवडावा यावर मी जे लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबणारी होती, पण मुद्द्याला धरून होती, म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहिते. तुमचे आक्षेप तीन. मी कलचाचण्यांची खिल्ली उडवली. ‘मुलांना आधी काम जवळून पाहू द्या’ हा सल्ला ओळखीपाळखी असलेल्यांनाच परवडतो. आणि आवडीने पोट भरत नाही. शिवाय तुमचा सोळा वर्षांचा मुलगा कशावरच धड बोलत नाही, त्याचं काय करायचं, हेही विचारलंत.

खिल्ली उडवली ती चाचण्यांची नाही, त्यांच्या अहवालाला निकालपत्र मानण्याची. एडवर्ड स्ट्राँग यांनी १९२७ मध्ये आणलेली प्रश्नावली या क्षेत्रातली फार जुनी आणि नावाजलेली. तिची पद्धत अशी की एखाद्या व्यवसायातल्या लोकांना काय आवडतं नि काय नाही याची नोंद घ्यायची आणि तुमची उत्तरं त्यांच्याशी किती जुळतात ते बघायचं. म्हणजे ‘वकील’ या रकान्यात मुलाचे गुण वर आले, तर त्याच्या आवडीनिवडी वकिलांशी जुळतात एवढंच समजतं. वकिली त्याला जमेल का, हे तिथे कुणी विचारलेलंच नसतं. ते मोजायच्या क्षमता चाचण्या वेगळ्या. अहवालात मात्र दोन्हींची सरमिसळ करून शेवटी तीन व्यवसायांची नावं ठळक अक्षरांत छापलेली असतात, आणि घरात चर्चा होते ती त्या तीन नावांचीच.

तुम्ही लिहिलंय, ‘अहवाल वाचून चाट पडलो, अगदी आमचाच मुलगा!’ इथे मात्र जरा सावध व्हा. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. कागद सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. तुमच्या मुलाचा अहवाल तसाच आहे असं मी म्हणत नाही. पण ‘अगदी असाच आहे’ वाटणं हा अहवाल बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

दुसरा आक्षेप खरा वजनदार. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं, कारण कुत्री आवडतात. काही दिवस ती एका दवाखान्यात बसली. खरजेने केस गेलेला कुत्रा यायचा, डॉक्टर पात्याने त्याची कातडी किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडायचे, ते काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली किडे शोधायचे. पू, घाण, वास या कशाचाच तिला त्रास झाला नाही. त्रास झाला तो मालकांशी बोलण्याचा: खर्च किती, जगेल का, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का. डॉक्टरांचा अर्धा दिवस त्यातच जातो, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती मात्र काचपट्ट्यांपाशी रेंगाळायची. पुढे तिने प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या वाटा विचारायला सुरुवात केली. ही गोष्ट कुठल्याही प्रश्नावलीत सापडली नसती, कारण ‘प्राणी आवडतात का?’ याला तिचं उत्तर शेवटपर्यंत ‘हो’च होतं.

आता ओळखीचं. दवाखान्यात बसायला मिळणं हे नशीब, मान्य. पण प्रत्येक कामाला तेवढी ओळख लागत नाही. भाषांतर करायचंय, तर दोन पानं आज रात्री करून बघता येतात. प्रोग्रामिंगचं आकर्षण असेल, तर छोटा प्रोग्राम लिहून त्यातली एक चूक शोधत तासभर डोकं खाजवता येतं, आणि तो तास कसा गेला हीच खरी माहिती. जिथे असं करून बघता येत नाही, तिथे त्या कामातला माणूस गाठायचा, अनोळखी असला तरी चालेल. फक्त त्याला ‘तुमचं क्षेत्र कसं आहे?’ असं विचारू नये, त्यावर भाषण मिळतं. ‘काल सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारावं. बरीचशी माणसं या प्रश्नावर खुलतात, आणि कंटाळवाणा भागही सांगून टाकतात.

तिसऱ्या आक्षेपावर वाद नाहीच. पोट भरलंच पाहिजे. कुठल्या कामात किती मिळतं, शिकायला किती वर्षं नि किती पैसे लागतात, हे मुलासमोर आकड्यांत मांडा. ते लपवून ‘तुला हवं ते कर’ म्हणणाऱ्या पालकांचं मला कौतुक नाही.

राहिला तुमचा मुलगा. आवडीनिवडींवरचे दीर्घकालीन अभ्यास २००५ मध्ये एकत्र तपासले गेले. बारा ते चाळीस वयापर्यंतच्या त्या आढाव्यात आवडींचं स्थैर्य खरी उडी घेतं ते साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान, असं दिसलं. तेव्हा सोळाव्या वर्षी तो ठाम नसला तर बिघडलं काहीच नाही. नातेवाईकांसमोर ‘काय व्हायचंय?’ हा प्रश्न तेवढा बंद करा. आणि अहवाल फेकू नका, तो त्याच्या हातात पेन्सिलीसकट द्या. जे वाक्य पटत नाही त्यावर त्याने फुली मारायची आणि बाजूला एक प्रसंग लिहायचा, जिथे तो तसा वागला नव्हता. तुम्ही त्या वेळी खोलीत नसलात तर उत्तम. फुल्या कुठे पडल्या हे तो सांगायला तयार झाला आणि त्याची हरकत नसली, तर इथे कळवा, त्यावर पुढे बोलू.